मिताते

मिताते म्हणजे एका वस्तूकडे दुसरीच वस्तू म्हणून बघणं आणि समोरच्यालाही तसं बघायला लावणं, पण हे करताना मूळ वस्तू मोडायची नाही आणि लपवायचीही नाही. जपानी कलेतली ही फार जुनी रीत आहे, चित्रांत तर ती आहेच, शिवाय चहात, बागेत, रंगमंचावर, मिठाईत, पार लहान मुलांच्या डब्यातसुद्धा सापडते. सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे ब्रोकोलीचा एक तुरा उभा ठेवायचा, त्याच्याखाली दोन सेंटीमीटरचा छोटासा माणूस ठेवायचा, की झालं झाड. ब्रोकोली कापलेली नाही, रंगवलेली नाही, संध्याकाळी तिची भाजी करता येईल, तरी झाड दिसतं ते दिसतंच आणि एकदा दिसलं की मग न दिसणं अवघड जातं.

शब्द दोन क्रियापदांचा मिळून झालाय, मिरु म्हणजे बघणे आणि तातेरु म्हणजे उभं करणे. रोजच्या जपानी बोलण्यात त्याचे साधे अर्थ पण आहेत, डॉक्टरने पेशंट बघून केलेलं निदान ते मिताते, आणि कुणासाठी तरी त्याला शोभेल असा किमोनो निवडून देणं ते पण मिताते. मराठीत या दोन्ही अर्थांना जवळ जाणारा शब्द पारख. लिखित उल्लेख कोजिकीइतका जुना सापडतो, कोजिकी म्हणजे इ.स. ७१२ मधला जपानचा सगळ्यात जुना उपलब्ध ग्रंथ, त्यात इझानागी आणि इझानामी ही देवांची जोडी बेटावर उतरते आणि एक मोठा खांब आणि एक मोठा वाडा उभा करते, तिथे हेच क्रियापद वापरलंय. आता त्यांनी तो बघून निवडला की बघण्यातूनच उभा केला यावर वेगवेगळी मतं आहेत, मला दुसरा अर्थ जास्त भावतो.

शाळेत अलंकार शिकलेल्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. उत्प्रेक्षेत आपण जणू म्हणतो, रूपकात जणू पण गाळतो आणि दोन्ही गोष्टी एकच करून टाकतो. मिताते या दोघांच्या मधे कुठेतरी बसतं, करणारा जणू म्हणत नाही, गप्प राहतो, आणि बघणाऱ्याने तो शब्द स्वतःच्या मनात म्हणायचा असतो. त्यासाठी बघणाऱ्याला दोन्ही गोष्टी आधीपासून माहीत पाहिजेत. झाड माहीत नसलेल्याला ब्रोकोली फक्त भाजीच दिसणार.

चहाची खोली

वस्तूंच्या बाबतीत मिताते म्हटलं की जपानी लोक आधी सेन नो रिक्यूचं नाव घेतात (१५२२ ते १५९१). चहाच्या विधीला, म्हणजे पाहुण्याला चहा करून द्यायच्या जपानी सोहळ्याला, त्याने जे साधं रूप दिलं ते आजही चालू आहे. त्याच्याबद्दल गोष्ट सांगतात की क्योतोजवळच्या कात्सुरा नदीवर एका मासे पकडणाऱ्याकडची टोपली त्याला आवडली, मासे ठेवायची साधी वेताची टोपली, ती त्याने मागून घेतली आणि चहाच्या खोलीत फुलदाणी म्हणून टांगली. ती आजही कात्सुरा टोपली म्हणून ओळखली जाते आणि तिच्या नकला बनतात. १५९० मध्ये ओदावाराच्या वेढ्याच्या वेळी तो लष्कराच्या छावणीत होता तेव्हा निरायामाचा बांबू कापून त्याने फुलदाण्या केल्या, त्यातली ओन्जोजी नावाची एक तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तिला समोरच चीर गेलेली आहे आणि ती चीर पण लोक सौंदर्य म्हणूनच बघतात.

कोरियातल्या वाडग्यांचं पण असंच. तिकडे सोळाव्या शतकात घरगुती वापराचे म्हणून बनलेले ओबडधोबड वाडगे, ते चहाचा विधी करणाऱ्या जपानी जाणकारांनी उचलले आणि चहाचा सर्वोच्च वाडगा म्हणून मानले, त्यातला किझाएमोन नावाचा एक क्योतोच्या दाइतोकुजी मंदिराच्या आवारात कोहोआनमध्ये जपून ठेवलाय आणि तो राष्ट्रीय संपत्ती आहे. त्या वाडग्याला कुणी हातसुद्धा लावला नाही, रंग नाही की नक्षी नाही, फक्त जागा बदलली आणि बघणारा बदलला.

बागेतलं उदाहरण पण क्योतोचंच, र्योआनजी मंदिराची कोरडी बाग. पांढरी खडी दाताळ्याने ओढून लाटांसारख्या रेघा काढलेल्या आणि त्यात १५ दगड, पाण्याचा थेंब नाही आणि बघणाऱ्याला समुद्र आणि बेटं. ओसरीवर कुठेही बसलात तरी एखादा दगड दुसऱ्यामागे लपतोच, सगळे पंधरा एकदम दिसत नाहीत.

हारुनोबूची आठ चित्रं

चित्रकलेत यायचं तर सुझुकी हारुनोबूपाशी थांबायलाच पाहिजे, कारण रोजच्या वस्तूंचं इतकं सुंदर मिताते दुसऱ्या कुणी केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, तिथला हा चित्रकार, लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं करायचा आणि १७७० मध्ये वारला. १७६५ च्या सुमारास एदोतल्या हौशी श्रीमंत मंडळींमध्ये चित्र-कॅलेंडरांची लाट आली. कॅलेंडर छापायचा हक्क ठराविक लोकांनाच होता, त्यामुळे ही मंडळी खाजगीत अशी चित्रं छापून घ्यायची की त्या वर्षीचे मोठे महिने कुठले आणि छोटे कुठले याचे आकडे कुठेतरी कपड्यांच्या नक्षीत लपवलेले असायचे आणि मित्रांनी ते शोधायचे. या हौसेत पैसा होता म्हणून एका चित्राला अनेक रंगांचे वेगवेगळे ठसे वापरणं परवडलं आणि त्यातूनच पूर्ण रंगीत जपानी छापचित्रं सुरू झाली.

या मंडळींपैकीच एक होता क्योसेन, कविता करणारा सरदार माणूस, त्याच्यासाठी हारुनोबूने साधारण १७६६ मध्ये आठ चित्रांचा संच केला, झाशिकी हाक्केई, म्हणजे बैठकीच्या खोलीतले आठ देखावे. आता हे आठ देखावे कुठून आले ते सांगायला हवं. चीनमध्ये शिआओ आणि शिआंग या नद्यांच्या मुलखातले आठ देखावे काढायची प्रथा अकराव्या शतकापासूनची, रात्रीचा पाऊस, देवळाची सांजघंटा, शरदाचा चंद्र, संध्याकाळचं बर्फ, उतरणारे रानहंस, परतणारी शिडं, निवळणारं धुकं आणि मावळतीचा उजेड. जपान्यांनी तेच आठ आपल्या बिवा सरोवराभोवती बसवले, कारासाकीचा पाऊस, मिईदेराची घंटा, इशियामाचा चंद्र असे, आणि ते इतके लोकप्रिय झाले की एदोतल्या कुठल्याही शिकलेल्या माणसाला तोंडपाठ असायचे.

हारुनोबूच्या चित्रांत ना सरोवर आहे ना डोंगर. एक घर आहे, त्यात बायका आणि मुली आहेत, आणि घरातल्या वस्तू आहेत. ठोके देणारं घड्याळ ही देवळाची सांजघंटा झाली. गोल आरसा हा शरदाचा चंद्र. कोतो या तेरा तारांच्या वाद्याला प्रत्येक तारेखाली एक वेगळी घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा छोटा टेकू, असते आणि त्या घोड्या तिरक्या रांगेत उभ्या असतात, ते उतरणारे रानहंस. कागदी दिव्याचा उजेड म्हणजे मावळतीचा उजेड, एक बाई त्यात पत्र वाचतेय. हात पुसायचा कपडा अडकवलाय तो वाऱ्याने फुगलाय, ती परतणारी शिडं. घडीचा पंखा धुकं घालवणारा वारा. चहाच्या मांडणीवर किटलीत आधण आलंय, त्याचा आवाज म्हणजे रात्रीचा पाऊस, आणि तिथेच एक बाई पेंगतेय. सगळ्यात अवघड बर्फाचं आहे, रेशमाचा कापूस ताणून पसरायला घुमटासारखे काळे लाखेचे साचे असायचे, त्यावर पांढरा कापूस ओढला की बर्फ पडलेला डोंगर, आज ते साचे कुणाच्या घरात नाहीत म्हणून हे चित्र आता जपानी माणसालाही समजावून सांगावं लागतं.

आधणाचं चित्र मला यात सगळ्यात पुढचं वाटतं, कारण बाकीच्या सातपैकी बहुतेकांत एक आकार दुसऱ्या आकारासारखा दिसतो, इथे आवाज आवाजासारखा आहे आणि तो कागदावर काढताच येत नाही, बघणाऱ्याने किटली बघून तो आठवायचा. या संचाच्या पहिल्या आवृत्तीवर चित्रकाराचं नाव नसून क्योसेनचं आहे, कल्पना ज्याची त्याचं नाव अशी तेव्हाची पद्धत. पूर्ण संच शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

पुढच्या शतकात उतागावा कुनियोशीने (१७९८ ते १८६१) हाच धागा जास्त खोडकर केला. १८४२ मध्ये सरकारने नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी घातली, मग त्याने माणसांसारखे वागणारे गोल्डफिश काढले, मांजरं काढली, गोदामाच्या भिंतीवर पोरांनी खिळ्याने खरडल्यासारख्या रेघांत नटांचे चेहरे काढले, लोक ओळखायचे ते ओळखायचेच. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणजे एका पुरुषाचा चेहरा, जवळून बघितलं तर नाक, भुवया, गाल सगळं उघड्या अंगाच्या माणसांचं एकमेकांत अडकून बनलेलं, आणि नाव आहे दिसायला भयंकर पण माणूस फार चांगला. कडक व्याख्येत हे सगळं मितातेमध्ये बसेलच असं नाही, पण बघणाऱ्याच्या डोळ्याला तीच सवय लागते.

जत्रा, गोष्टी आणि डबा

हे सगळं सरदार आणि चहावाल्यांपुरतं होतं असं समजू नये. शिमाने प्रांतात इझुमोजवळ हिराता नावाचं गाव आहे, तिथे तेन्जिन या देवाच्या जत्रेत इश्शिकी काझारी करतात, म्हणजे एकाच प्रकारच्या वस्तूंनी मोठी आकृती उभी करायची, नुसती कपबशी आणि ताटल्या, किंवा नुसती चहाची भांडी, आणि त्यातून देव, योद्धे, प्राणी. आपल्याकडे गणपतीत मंडळं नारळांचा किंवा बांगड्यांचा गणपती करतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे डोळ्यासमोर येईल. हिरातातली अट मात्र कडक आहे, वस्तूला भोक पाडायचं नाही, फोडायची नाही, तारेने बांधायची, जत्रा संपली की सोडवून परत वापरात. ही अट म्हणजे मितातेचा गाभाच आहे, कुणी सिद्धांत लिहून ठेवला नसला तरी गावाला तो कळलेला आहे.

राकुगो हा एकट्याने बसून गोष्ट सांगायचा प्रकार, त्यात कलाकार उशीवर गुडघे मोडून बसतो आणि त्याच्याकडे फक्त दोन वस्तू, एक घडीचा पंखा आणि एक तेनुगुई म्हणजे सुती पंचा. पंखा मिटलेला असला की चॉपस्टिक, तोच चिलीम, तोच तलवार. पंचाची घडी म्हणजे पाकीट, उलगडला की पत्र. मिटलेल्या पंख्याने सोबा नूडल्स ओढून खाण्याचा आवाज चांगला कलाकार असा काढतो की ऐकणाऱ्याला भूक लागावी.

आणि खाण्यात तर रोजच. गरम उदोन नूडल्सवर कच्चं अंडं फोडलं की पिवळा बलक म्हणजे चंद्र, पदार्थाचं नावच त्सुकिमी उदोन, चंद्रदर्शनाचे उदोन. रानडुकराच्या मांसाचे काप ताटात गोल रचले की ते पिओनीचं फूल आणि तो रस्सा बोतान नाबे, बोतान म्हणजे पिओनी. मुलांच्या डब्यात सफरचंदाच्या फोडीची साल व्ही आकारात कापून कान केले की ससा, छोट्या सॉसेजला खालून चिरा देऊन तळलं की आठ पायांचा ऑक्टोपस. इथे कापणं आलं, म्हणजे नियम थोडा वाकवला, पण आयांना कोण अडवणार.

खेळण्यांकडे आलो तर तिथे मितातेत शब्दांचा खेळ पण मिसळतो. तोक्योत एक जुनं कागदाच्या लगद्याचं कुत्रं मिळतं, डोक्यावर बांबूची टोपली उपडी घातलेलं. का, तर बांबूच्या चिन्हाखाली कुत्र्याचं चिन्ह लिहिलं की ते हसू या अर्थाच्या चिन्हासारखं दिसतं, मूल हसत राहो म्हणून हे खेळणं द्यायचं. अशी गावोगावची खेळणी गोळा करून त्यांची चित्रं काढायचं काम शिमिझु सेइफू (१८५१ ते १९१३) या माणसाने हातात घेतलं, उनाई नो तोमो नावाने १८९१ पासून रंगीत छापील खंड काढले, त्याच्या मृत्यूनंतर निशिझावा तेकिहोने ते पुढे नेले, एकूण दहा खंड झाले. त्यात खेळणी रिकाम्या कागदावर, सावली नाही, पार्श्वभूमी नाही, अगदी माणसांच्या व्यक्तिचित्रासारखी मान देऊन काढलेली आहेत, आजही कुणी जपानी खेळण्यांवर काही करायला घेतलं की ते खंड उघडतोच.

मितातेची आणि त्सुकुमोगामीची गल्लत मात्र करू नये. त्सुकुमोगामी म्हणजे शंभर वर्षं झाली की भांडी, छत्र्या, वाद्यं यांच्यात जीव येतो ही समजूत, जुन्या चित्रपटांमध्ये म्हणजे गुंडाळी केलेल्या लांब कागदी चित्रांमध्ये अशा वस्तूंच्या मिरवणुका आहेत. तिथे वस्तू स्वतः बदलते. मितातेत वस्तू तशीच राहते.

आजचे कलाकार

आजच्या चित्रकारांमध्ये यामागुची आकिरा (जन्म १९६९) हे नाव आधी घ्यावं लागेल. त्याची चित्रं लांबून जुन्या यामातो, म्हणजे पारंपरिक जपानी, पद्धतीची वाटतात, वरून बघितलेलं शहर, छपरं उडवून दाखवलेल्या खोल्या, सोनेरी ढग, आणि जवळ गेलं की त्यात सूट घातलेले ऑफिसवाले आणि किमोनोतले लोक एकाच जिन्यावर. निहोनबाशीच्या मित्सुकोशी डिपार्टमेंट स्टोअरचं त्याचं २००४ चं चित्र असंच आहे. त्याचे सामुराई घोड्यांवर बसतात पण घोड्याचा अर्धा भाग मोटरसायकल, हँडल आणि सायलेन्सरसकट, घोडाही पटतो आणि गाडीही. रस्त्यावरचे विजेचे खांब आणि त्यांचे ट्रान्सफॉर्मर याकडे त्याने इकेबानासारखी, म्हणजे जपानी पुष्परचनेसारखी मांडणी म्हणून बघितलं आणि त्या कलेला नाव पण दिलं, ज्या खांबांना सगळे शहराची कुरूपता म्हणतात त्यांच्याबद्दल हे, म्हणून मला ते फार आवडतं. घडी घालून कुठेही नेता येईल अशी चहाची खोली त्याने स्वस्तातल्या साहित्यातून बनवली होती, ती सरळ रिक्यूच्या टोपलीची नात म्हणायला हरकत नाही.

मितातेला जगभर पोचवलं ते मात्र चित्रकाराने नाही, फोटोवाल्याने. तानाका तात्सुया, जन्म १९८१ कुमामोतोचा, राहतो कागोशिमात, आधी डिझाइनचं काम करायचा. २० एप्रिल २०११ पासून त्याने मिनिएचर कॅलेंडर सुरू केलं, रोज एक फोटो, आणि खरोखर रोज. घरातली कुठलीतरी वस्तू आणि त्यावर छोटी माणसं. हारुनोबूचं काम कॅलेंडरातून निघालं आणि याचं नावच कॅलेंडर, हा योगायोग असेल पण छान आहे. स्टेपलरच्या पिनांच्या पट्ट्या उभ्या केल्या की उंच इमारतींचं शहर, टॉयलेट पेपरची सुटलेली पट्टी म्हणजे स्कीइंगचा उतार. २०१७ मध्ये एनएचके या जपानी टीव्ही वाहिनीच्या हियोक्को या सकाळच्या मालिकेचं टायटल त्याच्या मांडण्यांचं होतं आणि त्याने तो घरोघरी पोचला, पुढे दुबईच्या एक्स्पोमध्ये जपानच्या दालनात पण त्याचं काम होतं.

त्याच्या फोटोंत खरी करामत त्या छोट्या माणसाची आहे. रेल्वे मॉडेलच्या छंदात एचओ म्हणून जे माप चालतं ते १:८७, म्हणजे १७० सेंटीमीटरचा माणूस तिथे दोन सेंटीमीटरपेक्षा जरा कमीच भरतो. आपला डोळा कुठल्याही गोष्टीचा आकार शेजारच्या माणसावरून ठरवतो, त्यामुळे माणूस छोटा झाला की बाकी सगळं आपोआप मोठं होतं, पिन इमारतीएवढी आणि पाव रेल्वेच्या डब्याएवढा. आणि ती माणसं नुसती उभी नसतात, काहीतरी करत असतात, कुणी धावतंय, कुणी वाट बघतंय, कुणी झाडू मारतंय, त्या कामावरून आपल्याला वस्तू काय झालीय ते कळतं. म्हणून तो बहुतेक अशाच वस्तू घेतो ज्या जगात कुणालाही ओळखता येतील. चित्रकार ब्रोकोली काढताना तिला थोडी जास्त झाडासारखी करू शकतो, कुणाच्या लक्षात येणार नाही, फोटोवाल्याला ती मुभा नाही, भाजीवाल्याकडून आणलेल्या ढिगातून तो एकच तुरा शोधावा लागतो.

त्याच्या फोटोंची नावं मात्र भाषांतरात अडकतात कारण त्यात श्लेष असतो. लांबट पावांची गाडी स्टेशनात उभी आहे, लोक फलाटावर आहेत, आणि नाव शिन-पान-सेन. शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन सगळ्यांना माहीत, आणि पान म्हणजे जपानीत पाव, हा शब्द पोर्तुगीजांनी तिकडे नेला आणि आपल्याकडचा पाव पण त्याच पोर्तुगीजांचा, त्यामुळे मराठी माणसाला हा विनोद इतरांपेक्षा थोडा लवकर कळावा.

कागोशिमाचाच दुसरा कलाकार फुजी हिरोशी (जन्म १९६०), त्याने २००० मध्ये काएक्को नावाचा उपक्रम सुरू केला. मुलांनी नको झालेली खेळणी आणायची, त्याचे पॉइंट मिळतात, त्या पॉइंटांवर दुसऱ्याची खेळणी घ्यायची, पैसे नाहीत. पॉइंटाचं नाव काएरु, काएरु म्हणजे बदलणे आणि काएरु म्हणजे बेडूक पण. यात कुणीच न घेतलेली प्लास्टिकची खेळणी हजारोंनी साठत गेली आणि त्यातून त्याने मोठमोठे डायनासोर उभे केले, हिरवी खेळणी हिरव्या भागात, लाल लाल भागात. लांबून अंगावर खवले दिसतात. जवळ गेलं की तो खवला म्हणजे एक चाक नसलेली गाडी असते, त्याच्या शेजारी एक हात, त्याच्या शेजारी बदकाचं डोकं, आणि मुलं तिथे उभी राहून यातलं माझ्याकडे होतं, हे पण होतं असं बोटाने दाखवत बसतात.